टनाला सहा ग्रॅम

दगडात सोनं खरोखरच होतं, आणि देवराम काटेखाये यांना त्याचाच जास्त राग आला.

‘हेमवेध’ कंपनीची प्रयोगशाळा नागपूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. लांब टेबलावर दगडाच्या गोल कांड्या पेट्यांतून ओळीने मांडलेल्या होत्या. कन्हारबोडीच्या टेकडीत यंत्राने खोल भोकं पाडून, म्हणजे वेध घेऊन, त्या बाहेर काढल्या होत्या. भूरसायनशास्त्रज्ञ डॉ. कुंदा नाकाडे यांनी त्यांतल्या काही कांड्या स्वतः निवडल्या, स्वतःच कापल्या, दळल्या आणि वर्णपटमापकात घातल्या होत्या. आकडा आला टनाला सहा ग्रॅम. कंपनीने जाहीर केलेला आकडाही हाच होता. वरून सोन्याची पूड चोळल्याची एकही खूण नव्हती. सोनं दगडाच्या बारीक भेगांमध्ये आतपर्यंत बसलेलं होतं.

“मिसळलेलं असतं तर बरं झालं असतं, मॅडम,” काटेखाये स्टुलावरून म्हणाले. “कोणाची तरी कॉलर धरता आली असती.”

ते इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगार संघटनेचे चिटणीस होते. त्यांच्या शब्दाखातर श्रमसाफल्य कॉलनीतल्या बहुतेक घरांनी निवृत्तीच्या पैशांतून हेमवेधचे शेअर घेतले होते. आता एका शेअरमध्ये कटिंग चहाही येत नव्हता. आणि कंपनी त्याच लोकांना सांगत होती की नवे शेअर घ्या, म्हणजे पुढचं काम होईल. नाहीतर जुन्यांचे कागदच राहतील. काटेखाये यांनी भांडून एक अट घातली होती. आधी बाहेरचा शास्त्रज्ञ सगळं तपासेल, मग सभा मत देईल. त्यांना चोर हवा होता, आणि तो अजून सापडत नव्हता.

एक कोडं मात्र उरलं होतं. प्रत्येक वेधात सोनं निघत होतं, पण वेधांच्या मधोमध खणलेल्या दोन्ही चाचणी-खड्ड्यांत काही म्हणजे काही निघालं नव्हतं. कंपनीचं म्हणणं, खड्ड्यांच्या जागा चुकल्या.

डॉ. नाकाडे यांनी कंपनीचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. देवपुजारी यांना बोलावून घेतलं. हेमवेधची सगळी मदार ज्यांच्यावर होती ते ‘वेचे’ त्यांनीच तयार केले होते. काटेखाये यांना समजेल अशा भाषेत सांगा, असं म्हटल्यावर ते खुलले. वेचे म्हणजे खडकात राहणाऱ्या जिवाणूंची सुधारलेली जात. दगडातलं डोळ्याला न दिसणारं सोनं ते विरघळवून अंगात धरतात. त्यांना प्राणवायूची ओढ असते. घट्ट खडकात प्राणवायू मिळतो तो फक्त भोकाजवळ, म्हणून भेगाभेगांतून सरकत ते तिथे येतात आणि भोकाच्या कडेला सोनं टाकतात. आधी पेन्सिलीएवढा सुईवेध पाडायचा, त्यातून वेचे आणि त्यांचा खुराक सोडायचा. एक हंगाम गेला की तेच भोक मोठं करून कडेचा दगड काढायचा. त्याला ते रुंदवेध म्हणत. टेबलावरच्या सगळ्या कांड्या रुंदवेधाच्या होत्या.

“टेकडी फोडायची गरजच नाही,” देवपुजारी म्हणाले. “सोनं आपण होऊन चालत येतं.”

“सुईवेधातून निघालेला दगड तपासला होता का?” डॉ. नाकाडे यांनी विचारलं.

तपासला होता. त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. पण बारीक वेधात पाण्याबरोबर सोनं वाहून जातं, असं ड्रिलिंगच्या लोकांचं मत पडलं आणि ते आकडे बाजूला ठेवले गेले.

“आणि दोन वेधांच्या मधल्या दगडात किती सोनं आहे, हे कसं ठरवलं?”

“सगळे ठरवतात तसंच. दोन्हीकडची सरासरी.”

डॉ. नाकाडे यांनी हातातली कांडी पेटीत ठेवली. चिडल्या की त्यांचा आवाज खाली जाई.

“ती पद्धत स्थिर दगडासाठी आहे, डॉक्टर. वेध घेतल्याने दगड बदलत नाही, असं ती धरून चालते. तुम्ही तर दगड बदलण्यासाठीच वेध घेतलात.” मग त्या काटेखाये यांच्याकडे वळल्या. “भाऊ, घरात चार ठिकाणी चिमूट चिमूट साखर ठेवली. थोड्या वेळाने जाऊन तिथल्या मुंग्या मोजल्या. आणि म्हटलं की ज्याअर्थी या चारही ठिकाणी इतक्या मुंग्या आहेत, त्याअर्थी मधली सगळी फरशी मुंग्यांनी भरलेली असणार. हे तसं झालंय.”

काटेखाये यांनी पायाखालच्या फरशीकडे बघितलं.

“म्हणजे सोनं आहे की नाही?”

“आहे. तसं कुठल्याही दगडात असतं, हजार टनांत दोन-तीन ग्रॅम. वेधाच्या आसपासचं तेवढं गोळा होऊन कडेला येतं. एका वेधातून एक बारीक अंगठी होईल. वेध पाडायला दहा अंगठ्यांचा खर्च आहे.”

देवपुजारी आधी हसले, मग खुर्ची ओढून बसले. संख्याशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता, असं ते म्हणाले. ज्यांचा होता त्यांना जिवाणूंतलं काही कळत नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. ते खरंच होतं.

“इतके शिकलेले लोक,” काटेखाये म्हणाले, “अन् एकालाही मुंग्या दिसल्या नाही.”

व्यवस्थापकीय संचालक समीर वैरागडे आले तेव्हा डॉ. नाकाडे यांनी सगळं पुन्हा मुंग्यांसकट सांगितलं. वैरागडे यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि एकच प्रश्न विचारला. कंपनीने आजवर एक तरी आकडा खोटा दिला आहे का?

“नाही,” डॉ. नाकाडे यांना म्हणावं लागलं. त्या एका शब्दाने त्यांचं डोकं जितकं तापलं, तितकं दिवसभरात कशाने तापलं नव्हतं.

वैरागडे मग काटेखाये यांच्या शेजारी बसले. पुढच्या महिन्यात नव्या रुंदवेधाचा आकडा जाहीर व्हायचा होता. तो चांगला येणार, आणि खराही असणार. शेअर दोन-तीन दिवस वर जाईल. कॉलनीतल्या लोकांनी तेव्हा विकून मोकळं व्हावं. तोवर मुंग्यांची गोष्ट या खोलीत राहिली तर सगळ्यांचंच भलं होतं.

“अन् घेईल कोण?” काटेखाये यांनी विचारलं.

“कोणीतरी घेईलच, भाऊ.”

“तसाच कोणीतरी मी होतो.” ते उठले. स्टूल मागे पडलं, ते त्यांनी उचललं नाही. “सभेत सांगीन मी. पण नुसतं सांगून ऐकणारे नाही ते. त्यांना डोळ्यानं दाखवा लागते.”

दाखवण्याचा मार्ग डॉ. नाकाडे यांना लगेच सुचला. जिथे सोनं असल्याचं कोणाच्या स्वप्नातही नाही अशा जागी सुईवेध पाडायचा, वेचे सोडायचे, एक हंगाम थांबायचं. तिथेही कन्हारबोडीसारखाच आकडा आला, तर कन्हारबोडीच्या आकड्याला काही अर्थ नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल.

“आमच्या कॉलनीच्या मैदानात पाडा,” काटेखाये म्हणाले. “तिथं सोनं असतं तर आम्ही जन्मभर भट्टीसमोर कशाला उभे राहिलो असतो?”

वैरागडे आडवे येतील असं वाटलं होतं. ते आले नाहीत. उलट, खुराक थांबला की वेचे मरतात, धोका काही नाही, असं त्यांनीच सांगितलं आणि सभा एक हंगाम पुढे ढकलली. त्यांची अट एवढीच होती की जो आकडा येईल तो डॉ. नाकाडे यांनी स्वतः सभेत वाचून दाखवावा. त्यांनी आनंदाने मान्य केलं.

मैदानाखाली काळा कातळ होता, नागपूरच्या अर्ध्या घरांखाली असतो तसाच. सुईवेधातल्या दगडात जेमतेम नोंद घेण्याजोगं सोनं निघालं. भोकाचं तोंड डॉ. नाकाडे यांनी स्वतः मोहोरबंद केलं. दर आठवड्याला त्या येऊन बघत; काटेखाये बाकड्यावर बसून राखण करत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मुंग्या समजावून सांगत. लोक माना डोलावत. हंगाम सरल्यावर रुंदवेध घेतला. आकडा सहाच्या थोडा वरच होता. एखादा सिद्धान्त इतका स्वच्छ सिद्ध झालेला डॉ. नाकाडे यांनी नोकरीच्या सगळ्या काळात पाहिला नव्हता.

सभा कॉलनीच्या समाजभवनात भरली. काटेखाये यांनी सुरुवातीलाच कंपनीची सालटी काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वैरागडे यांच्या नावाने शिव्याही दिल्या. तुमचा पगार कोणाच्या फंडातून होतो, असं एका बाईने त्यांना तोंडावर विचारलं. ते खाली मान घालून बसले होते. मग डॉ. नाकाडे उभ्या राहिल्या. त्यांनी मैदानातल्या दोन्ही कांड्या दाखवल्या, हंगामाआधीची आणि नंतरची. वेचे, प्राणवायू, सरासरी, मुंग्या, सगळं सांगितलं. एका वेधाला एक अंगठी, हे दोनदा सांगितलं. आणि शेवटी आकडा वाचला.

सभागृह एकदम शांत झालं. लोकांना पटलं, असं त्यांना वाटलं.

मग मधल्या रांगेतून गिऱ्हेपुंजे उठले. ते काटेखाये यांचे शेजारी. कारखान्यात भट्टीवर दोघं बरोबरच होते.

“मॅडम, टनाला सहा ग्रॅम म्हटलं तुम्ही. आमच्या मैदानात?”

“हो. पण त्याचा अर्थ—”

“म्हणजे कन्हारबोडीपेक्षा जास्तच. अन् मैदानाला लागून जे प्लॉट आहेत, त्यात किती निघन?”

त्यानंतर कोणीच बसून राहिलं नाही. कोणी प्लॉटची लांबी-रुंदी सांगत होतं, कोणी विचारत होतं की घर पाडावं लागेल की अंगणातूनच जमेल. डॉ. नाकाडे यांनी पुन्हा एकदा अंगठी सांगितली. एक तर एक, मॅडम, आमच्या पोरीच्या लग्नाला अंगठीच लागते, असं कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला. काटेखाये टेबलावर हात आपटत पुढे आले. साखर, मुंग्या, फरशी, त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. डॉ. नाकाडे यांच्यापेक्षा चांगलं सांगितलं त्यांनी, एकही चूक न करता.

“भाऊ,” गिऱ्हेपुंजे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला होता, “तुम्ही शेअर घ्या म्हटलं, आम्ही घेतले. बुडालो, तरी तुम्हाला काही म्हटलं नाही. आता पायाखाली सोनं निघालं, मॅडमनं सोता तपासलं, तर तुम्ही मुंग्या सांगून राहिले?”

“भाऊले एकट्यालेच खोदाचं असन,” मागून कोणीतरी म्हणालं. या वेळी कोणी हसलं नाही.

वैरागडे तेव्हा उठले. फार थोडं बोलले. डॉ. नाकाडे या बाहेरच्या शास्त्रज्ञ आहेत, कंपनीशी त्यांचा काही संबंध नाही, उलट त्या कंपनीच्या विरुद्धच आहेत, हे त्यांनी आधी सांगितलं. त्यांनीच मोहोरबंद केलेल्या वेधात सोनं निघालं आहे. या मैदानासाठी कंपनी सरकारकडे अर्ज करणार आहे, आणि जे आज नवे शेअर घेतील त्यांचा पुढच्या वेधांवर पहिला हक्क राहील. यात एकही शब्द खोटा नव्हता. डॉ. नाकाडे यांनी तो शोधून पाहिला.

त्यांना ओरडावंसं वाटलं. सहा हा आकडा आपणच आणून यांच्या हातात दिला, पुराव्यासकट, स्वतःच्या सहीसकट. अडाणी कोणी नव्हतं इथे. हजारांशाच्या मापाने लोखंड कापलेली माणसं होती ही. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्यातलं हवं तेवढं ठेवून घेतलं होतं.

नवे शेअर घ्यायचे की नाही, याचं मत हात वर करून द्यायचं होतं. काटेखाये येऊन डॉ. नाकाडे यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. रागाने त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

“मी परत बोलते,” डॉ. नाकाडे म्हणाल्या. “तुम्ही माझ्या बाजूला उभे राहा. निम्मे तरी थांबतील.”

काटेखाये यांचं लक्ष गिऱ्हेपुंजे यांच्याकडे होतं. ते मोबाइलवर कोणाला तरी बोअरिंगच्या गाडीचा भाव विचारत होते.

“हे वेचे किती लांबून आणतात, मॅडम?”

“दहा-बारा मीटर.”

“त्याच्या अन् माझ्या घरात एकच भिंत आहे.”

“असू दे. खणू दे त्याला. एक अंगठी मिळेल आणि दहा अंगठ्यांनी बुडेल तो. तुम्हाला माहीत आहे ते.”

“माहीत आहे,” काटेखाये म्हणाले. समोर एकेक करून हात वर जात होते. “पण त्यातली अर्धी माझ्या घराखालची राहील.”

आणि त्यांनी हात वर केला.