पोट भरलेली गोचीड

विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी काढत नाही. आमचं काम तसं रटाळ आहे. रानातल्या हरणांना, माकडांना जो ताप येतो तो गोचिडी पसरवतात, म्हणून आम्ही गोचिडी मोजतो. काठीला पांढरं फडकं बांधायचं आणि गवतातून ओढत न्यायचं. भुकेली गोचीड गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून वाट बघत असते, फडकं घासलं की चिकटते. दर वीस पावलांना थांबायचं, आणि मागून येणाऱ्याने त्या चिमट्याने वेचून बाटलीत टाकायच्या.

मागून येणारे म्हणजे मास्तर. होते वनरक्षकच, पण पावलं इतक्या मोठ्याने मोजायचे की सगळे त्यांना मास्तर म्हणत. "वीस. थांबा, ताई." सात वर्षं मी हेच ऐकलं. बाटलीवर चिठ्ठीही तेच लावत. तारीख, वेळ, संख्या आणि संख्येखाली दोन रेघा. एक रेघ पुरत नाही का, म्हणून मी चिडवायचे. ते म्हणायचे, एक तुमची, एक माझी, कामाला दोघं होतो ना?

गेल्या वर्षी एका सकाळी अकराच्या सुमारास "वीस" ऐकू आलं, मी थांबले, वळले, तर मागे कोणी नव्हतं. फडक्यावर चिमटा नीट ठेवलेला होता. गवत जेमतेम गुडघाभर, लपायला जागाच नाही. अकरा दिवस माणसं शोधत होती, कुत्री आणली, शेवटी सगळ्यांनी हात टेकले.

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, माझ्यासमोर रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जिवंत आहेत की नाहीत, ते मला सांगा. बाकी मी बघते." माझ्या पाठीमागून धडधाकट माणूस नाहीसा झाला होता आणि मला पत्ता नव्हता. मी त्यांना शब्द दिला.

मग दर मंगळवारी त्याच पट्ट्यात एकटी जायला लागले. मी आहेच हट्टी. आठव्या महिन्यात फडक्यावर टम्म फुगलेल्या तेरा गोचिडी आल्या. त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. अहो, पोट भरलेली गोचीड फडक्यावर येतच नाही. ती जनावराच्या अंगावरून गळते आणि मातीत शिरते.

प्रयोगशाळेत त्यांच्या पोटातलं रक्त तपासलं. माणसाचं निघालं, दोन-तीन दिवसांपूर्वीचं. कामावर घेताना आम्हा सगळ्यांच्या रक्ताची एकेक नळी गोठवून ठेवतात, पुढे कोणाला ताप आलाच तर ताडून बघायला. मी मास्तरांची नळी काढली. रक्त जुळलं. साहेब म्हणाले, नमुन्यांची सरमिसळ झाली असणार, नाद सोडा. मी पुढचे तीन मंगळवार पुन्हा गेले, पुन्हा तपासलं. दर वेळी त्यांचंच, आणि ताजं.

वहिनींना हे सांगितलं. त्यांनी बूट घातले आणि म्हणाल्या, चला.

दुपारचे बारा वाजले होते, लख्ख ऊन होतं. काठीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. दोघी पुढे, मागे कोणीच नाही. करपलेल्या गवताचा वास आणि फडक्याची सरसर. मी मनातल्या मनात मोजत होते. अठराव्या पावलाला काठी जड झाली, फडक्यावर कोणी येऊन बसावं तशी.

"वीस," मागून आवाज आला. "थांबा, ताई..."

पाय थांबलेच माझे, सात वर्षांची सवय. मान वळणार तोच वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"वळू नका," त्या पुटपुटल्या. "मागच्या वेळी थांबलात... या वेळी ओढत राहा."

ओढलं. तळहाताला फोड आले, खांदा निखळेल असं वाटलं. दर वीस पावलांना मागून तेच, "थांबा, ताई...", दर वेळी थोडं आणखी जवळून. मला रडू फुटलं, पण थांबले नाही. वहिनी तर दातओठ खाऊन ओढत होत्या. रस्त्याला लागलो आणि काठी एकदम हलकी झाली. तेव्हा वळलो. फडक्यावर एकही गोचीड नव्हती, भुकेलीसुद्धा नाही. गवत मात्र आमच्यामागे माणसाच्या रुंदीचं आडवं झालं होतं. रस्त्याकडेला कुलूप लावून ठेवलेल्या आमच्या जीपचं मागचं दार उघडं होतं, आणि किल्ली माझ्या खिशात होती. वहिनी पुढे न बसता मागे गेल्या आणि शेजारी एकाची जागा सोडून बसल्या.

त्यानंतर त्या पट्ट्यात फुगलेली गोचीड मिळालेली नाही. वहिनीही मला काही विचारत नाहीत. काल त्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. फार खंगल्यात, चेहरा पांढराफटक पडलाय, पण वर्षभरात पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. ही बाटली टेबलावर ठेवली, आत एक टम्म फुगलेली गोचीड. अंथरुणात सापडली, म्हणाल्या. तपासायची गरज नाही, मला माहीत आहे, असंही म्हणाल्या.

मी तपासणार आहे. तिच्या पोटात रक्त कोणाकोणाचं निघेल याची भीती वाटते, तरी तपासणार, आणि गरज पडली तर वहिनींनाही त्या घरातून ओढून काढणार. रात्रभर बाटलीला हात लावला नाही तो फक्त चिठ्ठीमुळे. बघा ना. कालची तारीख, वेळ, संख्या एक. अक्षर मास्तरांचं आहे, ते मी डोळे मिटून ओळखेन. पण खाली रेघा तीन आहेत.