आतून लिंपलेली भिंत

कपाट सरकवताना त्याचा कोपरा भिंतीत घुसला, एवढंच निमित्त झालं. निजायच्या खोलीतली ती भिंत विटांची नव्हती, जिप्सम बोर्डाची होती. रागाच्या भरात कुणी बुक्की मारली तरी हात पलीकडे जावा, अशातली. बशीएवढं भोक पडलं. बायको म्हणाली, मिस्त्री बोलावू.

"त्याला मिस्त्री कशाला? मी आहे की," नवरा म्हणाला.

बायको हसली. आठ वर्षांच्या संसारात या गृहस्थाने ठोकलेला एकही खिळा सरळ गेला नव्हता. पण माणूस गमत्या. तिची उंची पावणेपाच फूट, म्हणून तिला नावाने हाक न मारता 'पावणेपाच' म्हणायचा. खिशात किल्ली असली तरी दार वाजवायचा: टकटक, जरा थांबून टक. तिने येऊन दार उघडलं की मगच घरी आल्यासारखं वाटतं, असं त्याचं म्हणणं. तीही लटक्या रागाने उठायची आणि उघडायची.

त्या रविवारी ती बाजारातून परत आली तर भोक बुजलेलं होतं आणि नवरा पलंगाच्या कडेला, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. जोड कुठे आहे ते हुडकावं लागावं इतकं काम साफ झालं होतं.

"कसं काय जमलं रे तुला?"

"आत डोकं घालून नीट बघितलं," तो म्हणाला. "मग जमलं."

तेव्हापासून त्याने तिला एकदाही पावणेपाच म्हटलं नाही. दार वाजवणंही थांबलं. ती स्वयंपाकघरातून वळून बघायची तर तो किल्लीने उघडून आत येऊन उभा असायचा, किती वेळ ते देव जाणे. जेवायचा, कामावर जायचा, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. ना थट्टा, ना भांडण. कामाचा ताण असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. मग महिन्याभरात त्या बुजवलेल्या जागेला फुगवटा आला, आणि खोलीत ओल्या चुन्यासारखा वास येऊ लागला.

"आता तरी मिस्त्री बोलावू या," ती म्हणाली.

"राहू दे. वाळेल."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिला आपल्याच नवऱ्याची भीती वाटली, आणि तशी वाटली याची लाजही वाटली.

तो कामावर गेल्यावर तिने तिघांना फोन केले. पहिल्याने भिंत न बघताच भाव सांगितला. दुसरा म्हणाला, बघू कधीतरी. तिसऱ्याने आधी विचारलं, "फुगवटा बाहेर आलाय की आत गेलाय?" तिने त्यालाच बोलावलं.

मिस्त्री साठीचा, बोलका. भरदुपारी आला. पडदे ओढून त्याने टॉर्च भिंतीला आडवा धरला, तशी भिंतीवरची एकूण एक उंचसखल जागा दिसायला लागली.

"या भिंतीत फार काही नसतं, ताई. पुढे एक बोर्ड, मागे एक बोर्ड, मधे उभ्या पट्ट्या आणि चार बोटं पोकळी. भोक पडलं की चौकोन कापायचा, आतून आधाराची पट्टी द्यायची, तुकडा बसवायचा. सांध्यावर जाळीची टेप, वर मसाल्याचे तीन हात. एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. लोक घाई करतात आणि मग आम्हाला बोलावतात. हे कुणी केलं?"

"आमच्या ह्यांनी. आत डोकं घालून बघितलं म्हणाले."

मिस्त्रीचं हसू ओसरलं. "उघड्या भिंतीत आधी टॉर्च जातो, मग हात. डोकं कधी घालू नये. मला माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"का?"

"तारा असतात ना," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

त्याने बारीक करवतीने कडेकडेने कापत तो तुकडा बाहेर काढला आणि उलटा केला. मग तसाच धरून उभा राहिला.

"काय झालं, मिस्त्री?"

"ताई... टेप मागच्या बाजूला आहे. तीन हात, तेही मागून. घासलंयसुद्धा मागून. पुढे नुसता रंग आहे." त्याने आवाज खाली आणला. "ज्याने हे भोक बुजवलं, तो आत उभा होता."

"चार बोटांत?"

"तेच म्हणतोय मी... मांजरसुद्धा मावायचं नाही."

तुकड्याच्या मागे पेन्सिलीने दोन आकडे लिहिले होते: अडुसष्ट आणि सतरा. उभट, रेखीव अक्षर. नवऱ्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, हे त्याचं नव्हतं.

"ही कसली मापं?" मिस्त्री पुटपुटला. "भोक तर एवढंसं."

तिला कळलं. नवऱ्याचे शर्ट तीच आणायची. सतरा इंच खांदा. अडुसष्ट इंच म्हणजे पाच फूट आठ, त्याची उंची. ती पलंगाचा कठडा धरून उभी राहिली.

मागची पट्टी कुठे आहे हे शोधायला मिस्त्रीने सवयीने बोटाच्या पेराने बोर्ड ठोकला. पोकळ आवाज. थोडं पुढे ठोकला. पोकळ. मग त्याने हात मागे घेतला, आणि ठोका भिंतीतूनच आला.

टकटक. जरा थांबून, टक.

"उंदीर..." मिस्त्री म्हणाला.

"तो आहे," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. महिनाभर हा माणूस दार वाजवत होता आणि आपण उघडलं नव्हतं. "माझा नवरा आहे. मिस्त्री, सगळी भिंत उघडा."

मिस्त्रीने करवत उचलली खरी, पण तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

नवरा आत आला. कपाळाला घाम नाही, धाप नाही, लवकर कसा आलो याचा खुलासा नाही. त्याने भिंतीकडे बघितलं, मग मिस्त्रीच्या हातातल्या तुकड्याकडे.

"बस झालं, मिस्त्री," तो शांतपणे म्हणाला. "पुढचं मी करतो."

मिस्त्रीने तुकडा खाली ठेवला आणि तिच्याजवळून जाताना कुजबुजला, "ताई, चला माझ्याबरोबर... आत्ताच्या आत्ता."

तिला जायचं होतं. पण भिंतीत पुन्हा टकटक झाली, आणि ते दार तसंच बंद ठेवून जायला तिचा पाय निघेना. मिस्त्री हत्यारं टाकून गेला. जिन्यावर त्याची पावलं धावत उतरताना ऐकू आली.

नवऱ्याने मिस्त्रीचा मोजायचा टेप उचलला. भोकाची रुंदी मोजली, लांबी मोजली, आणि कानावरची पेन्सिल काढून दोन्ही आकडे भिंतीवर लिहिले. उभट, रेखीव अक्षरात.

"हे मोठं झालंय," तो म्हणाला. "बरंच झालं."

आतली टकटक आता थांबून थांबून येत नव्हती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती घाईघाईने फिरत होती. बायको भोकाच्या आडवी जाऊन उभी राहिली. तिने मागे हात नेला आणि बोर्डावर ठोकलं: आहे मी, इथेच आहे.

त्याने टेपची पट्टी सुर्रकन आत जाऊ दिली. मग तिच्याकडे वळला, आणि आठ वर्षं तिला पावणेपाच म्हणणाऱ्या तोंडाने, अगदी सहज विचारलं,

"तुझी उंची किती गं?"

आतली टकटक थांबली. भिंतीवरच्या आकड्यांखाली पेन्सिल टेकवून तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.