आळणी आमटी आणि निम्मा कोन

मंगळावरच्या वस्तीत मीठ संपून बारा दिवस झाले होते आणि शर्वाणीचं डोकं फिरलं होतं; राग निघायचा तो यंत्रमानव दगडूवर. आमटी आळणी, भाजी आळणी, त्यात तिचे आजोबा, नाना, प्रत्येक जेवणाला पानात मिठाची जागा मात्र रिकामी राखायचे. मीठ आधी वाढायचं, मग बाकीचं. मंगळावर आलो म्हणून रीत मोडायची नाही म्हणे.

खडकात पांढरे स्फटिक (अणू शिस्तीत, थरावर थर रचून झालेला पदार्थ) सापडले होते. पण चाखायची सोय नव्हती, विषारी क्षारही असेच दिसतात. नाना हे वस्तीचे स्फटिकतज्ज्ञ. त्यांनी तिसऱ्यांदा गणित केलं आणि थरांमधलं अंतर पुन्हा मिठाशी जुळेना. दुपारी ते स्फटिक फेकून देणार होते.

हे अंतर कळतं तरी कसं, असं तिने वैतागून विचारलं. नानांनी त्याहून वैतागून सांगितलं. क्ष-किरण सोडले की काही वरच्या थरावरून परततात, काही खालच्या. खालच्यांना जास्त चालावं लागतं. ही जादा चाल तरंगलांबीच्या (लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर) पुऱ्या पटीत आली, की माथ्याला माथा मिळून लख्ख ठिपका उमटतो. नाहीतर लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. किरण थराशी किती अंशांचा कोन करतो ते कळलं, की अंतर गणिताने निघतं.

शर्वाणीने रागारागाने टॉर्चचा झोत स्टीलच्या ताटावर तिरका टाकला. झोत ताटाशी जेवढा कोन करून आला, तेवढाच कोन करून वर गेला. म्हणजे तो एकूण वळला दुप्पट! तिने खडक तपासणाऱ्या यंत्रमानवाकडे पाहिलं.

"दगडू, तू कोणता कोन मोजलास?"

"नाना म्हणाले, किरण किती वळला ते मोज. बत्तीस अंश वळला."

"मग नाना, गणितात सोळा घ्यायला हवे ना?"

नानांनी बत्तीस खोडून सोळा लिहिले.

"याच चुकीसाठी मी चाळीस वर्षं मुलांचे कान पिळले," ते म्हणाले.

सोळा घेतल्यावर अंतर मिठाचंच आलं. बाकीचे अकरा ठिपकेही निम्म्या कोनाने चोख जुळले. स्फटिक पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून पुन्हा तपासले, आणि संध्याकाळी नानांनी शर्वाणीच्या पानातल्या रिकाम्या जागी सगळ्यांत आधी चिमूटभर मीठ वाढलं. आमटीचा पहिला भुरका घेताना तिला रडूच आलं.

टेकडीपलीकडे हिरवे स्फटिकही होते. उद्या तेही तपासू, पण कोन निम्मा मीच करणार, असं तिने बजावलं. मग बारा दिवस दगडूवर ओरडल्याची लाज वाटून तिने त्याला विचारलं, तू येशील ना?

"येईन," दगडू म्हणाला. "मी मीठ खात नाही. पण तुमच्या मिठाला जागेन."