ढोलवाल्याचे ओठ

आधीच सांगते, हे खरं घडलंय. पटत नसेल तर खुशाल पुढे जा. दिवा विझला, मांजर रडलं, असलं फुटकळ काही यात नाही.

भर दुपार. मामाचं दुकान. मी त्याच्यासमोर बसलेली.

मामा जुनी खेळणी दुरुस्त करतो. लोकांनी नंतर फासलेला रंग काढतो, खालच्या मूळ रंगाला धक्का न लावता. थिनर वापरणाऱ्यांना तो खाटीक म्हणतो. त्याचं औषध एकच… थुंकी. काडीला कापूस, कापूस जिभेवर, मग हलक्या हाताने खेळण्यावर. एकदा वापरलेला कापूस पुन्हा तोंडात घालायचा नाही, हा त्याचाच नियम.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. हातात चावीवर चालणारा पत्र्याचा ढोलवाला. ओठांवर कुणीतरी जाड गुलाबी रंग थापलेला. तोंडच नाहीसं.

"कुणाच्या हाताला लकवा भरला होता?" मामाने विचारलं.

बाई म्हणाल्या, भावाने रंगवलंय. लहानपणी आजारात त्याची वाचा गेली. मग त्याने याचंही तोंड बुजवलं. त्याच आजारात तो गेला.

"त्याआधी हा हसायचा हो. तेवढं हसू परत दिसलं तर बघा."

इथे माणसाने गप्प बसावं. मामा कसला बसतोय. आजारी होता म्हणून चांगल्या वस्तूची माती करायची का, म्हणाला. बाईंनी मान खाली घातली. मामाने ओठांवरून कापूस फिरवला आणि तोच कापूस… ऐटीत जिभेवर ठेवला.

"शाळेतल्या पोरांचा पाण्याचा रंग. चवच सांगते."

हसू निघालं. लालभडक, एक ओरखडा नाही. बाई रडल्या, मामाने जांभई दिली. बाकीची धूळ काढून ठेवतो, उद्या या, म्हणाला. चावी बाईंच्या पर्समध्येच राहिली.

त्या गेल्या.

आणि…

टक.

टक टक.

चावीशिवाय ढोल वाजत होता.

मामा घाबरला.

नाही, हे पुसते. मामा वैतागला. "जुनी स्प्रिंग आहे, भाचेबाई. लगेच भुतं नकोत."

आवाज थांबला. मामाने नवी काडी तोंडात घातली. बाहेर काढली…

कापूस कोरडा.

पुन्हा घातली.

कोरडा.

तो थुंकायला गेला. जन्मभर सगळ्या जगावर थुंकत आलेला माणूस. तोंडातून नुसती हवा आली.

मी ढोलवाल्याकडे पाहिलं…

ओठ बुजले होते. तोच गुलाबी थर.

ओला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो पाहिला. "भावालाच नको असेल," एवढंच म्हणाल्या, आणि ढोलवाल्याला तिथेच ठेवून गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं. काही कळलं नाही की ते हेच म्हणतात. मामा आता साध्या पाण्याने काम करायला बघतो. सगळा चिखल होतो. गिऱ्हाईक फिरकत नाही. घोट घेतल्याशिवाय त्याची जीभ टाळूपासून सुटत नाही.

परवा मी म्हटलं, "मामा, त्या पोराची माफी माग. नुसतं तोंडाने म्हण."

त्याने घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं, मी एखादं झुरळ असल्यासारखं.

"पत्र्याच्या डबड्याची माफी…"

टक.

वाक्य तिथेच थांबलं. अजून पुरं झालेलं नाही. त्यानंतर मामा एक शब्दही बोललेला नाही.

गुलाबी रंग अजून वाळत नाही.

आणि मी, हे लिहिता लिहिता… सारखा आवंढा गिळून बघतेय.