शेवटचा स्वर संपेपर्यंत

चर्चमध्ये मी गेले होते विसरलेली छत्री आणायला, आणि परत आले ती छत्री तिथेच विसरून.

नोव्हेंबरात आमच्या वेंडमिअर गावावर धुकं असं बसतं की मावशीच्या लोकरीच्या दुकानात भरदुपारी दिवा लावावा लागतो. चर्चचं दार ढकललं तर आत ऑर्गन वाजत होता. वाजवणाऱ्याची माझ्याकडे पाठ होती. आमच्या ऑर्गनपुढे बसलं की तोंड भिंतीकडेच होतं. मागचं सगळं वर टांगलेल्या छोट्या आरशातून बघावं लागतं.

"दार लावून घ्या," तो आरशातूनच म्हणाला, "आणि बसा दोघी. एवढं संपवतो."

मी मागे वळून बघितलं. दारापाशी धुक्याशिवाय कुणी नव्हतं.

"दोघी?"

"तुम्ही आणि त्या करड्या टोपीवाल्या बाई..." तो वळला. कानाच्या पाळ्या लाल, केस विस्कटलेले. "अरे — गेल्या वाटतं."

"एकट्या मुलीला घाबरवायची ही तुमची नेहमीची पद्धत आहे का, मिस्टर...?"

"गॅरड. लायनेल गॅरड, इथला नवीन ऑर्गनवादक. आणि घाबरवायचंच असतं, तर टोपी तरी जरा बरी निवडली असती."

मी हसले, आणि तिथेच फसले.

त्याची सगळी कहाणी मला हळूहळू कळत गेली. लहानपणापासून तो एका मोठ्या कॅथीड्रलच्या गायकवृंदात होता. एका सकाळी स्तोत्राच्या मध्यावरच त्याचा आवाज फुटला. गाणं सोडून जायचं जिवावर आलं, म्हणून तो ऑर्गनकडे वळला. युद्धात वाळवंटातल्या दफनविधींना पायपेटी वाजवली. आणि आता आमच्याकडे — जिथे गायकवृंद म्हणजे माझी मॉड मावशी, खर्जातले दोन म्हातारे, आणि शुद्धीत असला तर गाणारा एक खाटीक. लायनेलने दारोदार फिरून माणसं गोळा केली. लोहाराला धरलं, सुईणीला धरलं, शेवटी दुकानात येऊन मला म्हणाला, "मिस मॅबट, तुमचा आवाज इथे वाया चाललाय. लोकरीला कान नसतात."

गेले. मला काठावरची जागा मिळाली, आणि खुंटीवरचा एक जुना काळा झगा. तो मला शिवून घेतल्यासारखा बसला.

माझी खोड एकच, मी एक मात्रा उशिरा गायचे. त्याचं कारणही होतं. आमच्या ऑर्गनच्या नळ्या थेट पलीकडच्या टोकाला, दरवाजाच्या वर आहेत. स्वर अख्खं चर्च ओलांडून आमच्यापर्यंत येतो. "ऐकू येईपर्यंत थांबलात तर उशीर झालाच समजा," लायनेल सगळ्यांना बजावायचा. "आरशात बघा. मी मान हलवली की गा." बाकीच्यांना ते जमलं. मी आरशात बघायचे, तिथे त्याचे डोळे असायचे... आणि मान कधी हलली ते कळायचंच नाही.

"मिस मॅबट, अजून किती वाट बघायची तुमची?"

"बोलावलंत की येईन."

"बोलावलं की. मान हलवून."

"मान तर तुम्ही सगळ्यांकडे बघून हलवता."

"नीट बघत जा," तो हळूच म्हणाला. मागचा लोहार उगाच खोकला.

पण कधी कधी त्याची नजर माझ्यावर नसायची. आरशात तो माझ्या जरा डावीकडे बघायचा, आणि त्याचा चेहरा पांढरा पडायचा. माझ्या डावीकडे कुणी बसत नसे. तिथलं बाक मात्र असं गार असायचं की हात टेकवत नसे. एकदा मी खोदून विचारलं, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "त्या टोपीवाल्या बाई... आजही होत्या. त्यांचंही तुमच्यासारखंच आहे. सगळे गायला लागले की मग तोंड उघडतात."

ते मी घरी मावशीला सांगितलं. तिच्या हातातल्या सुया थांबल्या.

ती डॉर्कस, मावशी म्हणाली. तिची कधीच वारलेली मैत्रीण, त्याच जागेवर गाणारी. तेव्हा मिस्टर याक्सली ऑर्गन वाजवायचे. दोघंही अविवाहित, आणि गावाला सगळं माहीत. आमच्याकडे रीत अशी, की उपासनेनंतरची शेवटची गत वाजत असताना ऑर्गनवाल्याशी कुणी बोलायचं नाही. शेवटचा स्वर संपेपर्यंत थांबायचं. डॉर्कस दर रविवारी ऑर्गनच्या पायरीखाली उभी राहायची. गत संपली की "छान झालं" म्हणायची आणि घरी जायची. त्यांना नावाने हाक मारायची तिची छाती झाली नाही. एडमंड हे नाव ती फक्त मावशीपाशी घ्यायची. एका रविवारी ती म्हणाली, आज बोलणार.

"शेवटचा स्वर लागला," मावशी म्हणाली, "आणि संपेचना. आम्ही सगळे आपले टोप्या हातात धरून उभे. कुणाला वाटलं, काही नवीन वाजवतायत. मध्येच कसं जायचं, बरं दिसत नाही ना. आणि हेस्टर, तो माणूस केव्हाच गेलेला होता. पट्टीवर हात तसाच. डॉर्कसला शेवटी मी ओढून बाहेर काढलं. ती म्हणत होती, संपू दे, आधी संपू दे." मग खालच्या आवाजात म्हणाली, "झगा तिचाच आहे तो. तुझ्या मापाचा होता, म्हणून बोलले नाही."

त्याच आठवड्यात लायनेलला उत्तरेकडच्या एका मोठ्या कॅथीड्रलचं बोलावणं आलं. लहानपणापासून त्याला हेच हवं होतं. तो दुकानात आला, गरज नसताना निळी लोकर मागितली, आणि म्हणाला की तिथले पाद्री रविवारी स्वतः येतायत, गत संपली की त्यांना उत्तर द्यायचंय. "थांबायला काही कारण असतं तर..." एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुढचं ऐकायला थांबले. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि सुईण आत आली. त्या बाईचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

रविवारी धुकं चर्चच्या आतपर्यंत आलं होतं. पाहुणे पाद्री पहिल्या बाकावर बसले होते. लायनेलने आरशात मान हलवली, आणि पहिल्यांदाच मी बरोबर वेळेवर गायले. म्हणूनच ते ऐकू आलं. माझ्या डावीकडून एक बारीक आवाज, एक मात्रा उशिरा. मी मान वळवली नाही. धीरच झाला नाही.

उपासना संपली, गत सुरू झाली. सगळे उभे राहिले. मी ऑर्गनच्या पायरीखाली जाऊन थांबले आणि मग लक्षात आलं, मी कुठे उभी आहे ते. माझ्या शेजारी कुणीतरी उभं होतं. इतक्या जवळ, की टोपीची कड माझ्या कानाला लागली.

"संपू दे," ती म्हणाली. अगदी सभ्यपणे, समजावल्यासारखं.

आणि खरं सांगते, मला ते पटलं. थोडाच तर वेळ. लोक काय म्हणतील. भीती वाटली ती त्याचीच, की मला ते इतकं सहज पटलं. मी झगा वर धरला आणि पायरी चढले.

"लायनेल, जाऊ नकोस."

"मिस मॅबट," तो वाजवता वाजवता म्हणाला, "मी वाजवतोय."

"दिसतंय मला. तरी सांगते. माझं प्रेम आहे तुझ्यावर. तू बोलशील म्हणून थांबले होते... आता नाही थांबणार."

गत ऐन मध्यावर असताना त्याने दोन्ही हात उचलले. "जात नाही मी," तो म्हणाला. "हेस्टर, मीही वेड्यासारखा तुझीच वाट बघत होतो." त्याने माझे हात हातात घेतले.

पण स्वर थांबला नाही. पट्ट्यांवर कुणाचाच हात नव्हता, आणि पलीकडच्या टोकाला तो एकच स्वर लांबत चालला होता. खाली सगळा गाव टोप्या हातात धरून अदबीने उभा होता. लायनेलने आरशात बघितलं, मीही बघितलं. पायरीखाली करडी टोपी होती. तिचा चेहरा वर, आमच्या मागे कुणाकडे तरी लागलेला.

"एडमंड," ती म्हणाली.

मावशीनेही ते ऐकलं. तिने तोंडावर हात धरला. आणि कुणीतरी पट्टीवरचं बोट अलगद उचलावं, तसा तो स्वर संपला.

आरशात पायरी रिकामी होती. लायनेलने माझा हात सोडला नाही. आम्ही तसेच खाली उतरलो, पाहुण्यांना उत्तर द्यायला.