कडजाईचा कौल

या, जवळ सरकून बसा. लाइट यायला अजून तासभर तरी लागेल, तोवर पोपटची गोष्ट सांगतो. पोपट म्हणजे आपला कशेळ्याचा, भाजीचा टेंपो चालवतो तो. अर्धी त्याने स्वतः मला सांगितली, उरलेली रामभाऊ गुरवाने. पण उद्या कोणी त्याला तोंडावर विचारायला जाऊ नका रे. त्याला सोसत नाही.

गेल्या वर्षीचा श्रावण. दुसरा मंगळवार, संध्याकाळचे साडेसात. पोपटची बायको ललिता, दिवस भरत आलेले. दुपारीच कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बीपी फार चढलंय, आजच्या आज कल्याणला नेऊन अॅडमिट करा. टेंपो दारात, कपड्यांची पिशवी भरलेली. आणि पोपटची आई सोनुबाई दारात आडवी.

"कडजाईचा कौल घेतल्याबिगर सून घराभायेर जायाची नाय!"

पोपट कसल्याही चिखलातून टेंपो काढेल, पण आईपुढे त्याची बोबडी वळते. "अर्ध्या तासात येतो गं," असं ललिताला म्हणाला आणि निघाला.

कडजाईचं देऊळ तुम्ही पाहिलंय. डोंगराच्या पोटाशी, शेकडो वर्षांचं, काळ्या दगडाचं. दार इतकं बुटकं की आमदार आला तरी वाकूनच आत जातो, बरं वाटतं बघायला. कौलाची रीत साधी. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीचं एकेक ओलं फूल चिकटवायचं आणि विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आणि फूल पडेपर्यंत विचारणाऱ्याने देवळाबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणून तर दिवेलागणीनंतर रामभाऊ गुरव कोणाला कौल लावू देत नाही. पण त्या दिवशी तो नेरळला लेकीकडे गेलेला. दार नुसतं लोटलेलं होतं.

पोपटने टेंपो समोरच लावला. मोबाईल चार्जिंगला होता, तो तसाच टेंपोत राहिला. अंगणातली दोन फुलं तोडून त्याने स्वतःच्या हाताने लावली. "आई, ललिताला कल्याणला नेऊ का?" असं विचारलं आणि मांडी घालून बसला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. नंदादीपाच्या उजेडात दोन्ही फुलं जिथल्या तिथे. बाहेर बेडकांचा कालवा चालला होता. मग तोही थांबला.

"लवकर नाय पडत ते."

पोपट दचकला. डाव्या हाताला एक बाई बसली होती. नऊवारीतली, डोक्यावर पदर, नजर देवीकडे. आत येताना दिसली कशी नाही? खांबाच्या कडेला एक म्हातारा होता. त्याच्यामागे आणखी कोणी. पोपटने मोजले. सात जण. सगळे मांडी घालून, सगळे देवीकडे तोंड करून.

"तुमी पण कौल लावलाय का?" त्याने विचारलं.

"लावलाय ना. पोरीचं लगीन ठरवायचं हाय."

"कधी लावलात, मावशे?"

बाईने बोटांवर मोजायला घेतलं.

"पोरगी... म्हातारी होऊन गेली रं."

 पोपट उठला आणि दाराकडे धावला. दार उघडंच होतं. कोणी अडवलं नाही, कोणी हात धरला नाही. दहा पावलांवर टेंपो दिसत होता. त्याने पाय उचलला...

उचलला नाही गेला.

पुन्हा जोर केला. पाय जणू त्या दगडातच रुजले होते.

"बस खाली," म्हातारा म्हणाला. "तिनं अजून सांगितलं नाय. आमी काय येडे म्हनून बसलोय?"

इतक्यात टेंपोतला मोबाईल वाजला. घरून असणार. वाजला... वाजला... थांबला. पुन्हा वाजला. दहा पावलांवर. पोपटने ओरडून बघितलं. बाहेर आवाज पोचला की नाही, देव जाणे. तिसऱ्यांदा अर्धीच रिंग वाजली.

मग काहीच नाही.

त्याला रडू फुटलं. कारण दोन वर्षांपूर्वी तो इथेच बसला होता. आईच्या शेजारी. ललिताच्या पोटात तेव्हा पहिलं होतं, आणि तेव्हाही हाच प्रश्न होता. दुपारी लावलेलं फूल पडलं पहाटे. उजवं. देवी हो म्हणाली. ते घरी पोचले तोवर बाळ पोटातच गेलं होतं. त्या दिवसापासून आईवरचा राग त्याने गिळून टाकला होता. आईवरचा, आणि त्याहून जास्त स्वतःवरचा. आज तो सगळा वर आला.

तो देवीकडे वळला. हात जोडले नाहीत.

"मी विचारतच नाय," तो म्हणाला. "ऐकलंस? माझा काय सवाल नाय. मी तिला घेऊन चाललोय."

सातही माना वळल्या. एकदम. त्याच्याकडे.

पाय सुटला.

तो उंबऱ्याबाहेर पडला तेव्हा मागून त्या बाईचा आवाज आला. अगदी लहान पोरीसारखा.

"असं... जाता येतं व्हय रं?"

त्याने मागे पाहिलं नाही. घरी ललिताला आकडी येऊन गेली होती. आई पुन्हा आडवी आली, तिला त्याने खांद्याला धरून बाजूला केलं, जन्मात पहिल्यांदा. ललिताला टेंपोत घातलं, आणि रात्री साडेअकराला कल्याणला मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. जागृती नाव ठेवलंय. भारी खट्याळ आहे, माझा चष्मा ओढते.

सकाळी रामभाऊ गुरव परतला. पावसाळ्यात त्या देवळाच्या फरशीला ओल सुटते, सगळी फरशी घामेजल्यासारखी चमकते. झाडायला वाकला आणि तसाच राहिला. ओल्या फरशीवर कोरड्या जागा होत्या, माणूस मांडी घालून बसतो तेवढ्या. त्याने मोजल्या. आठ.

हो, हो, सात ते आणि आठवा पोपट. तेवढं मलाही कळतं.

पण आठवीला अगदी लागून, पोपटच्या मांडीपाशी, आणखी एक कोरडी जागा होती. हातभर लांब. तान्हं बाळ निजतं, तेवढी.