पुन्हा उगवलेल्या नांग्या

आमच्या खाजणात कुणीतरी पाप केलं होतं, आणि तो माणूस रोज गुत्त्यात आमच्याच बाकावर बसून शेरी पीत होता.

स्पेनमधल्या काडिझच्या या मिठागरांत आम्ही खेकडा मारत नाही. नराची मोठी नांगी मुळाशी हलकेच दाबली की तो ती स्वतःच सोडतो. नांगी टोपलीत, खेकडा परत चिखलात. नवी नांगी पुरती भरेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. पण त्या वर्षी नांग्या वेड्यावाकड्या उगवू लागल्या. नांगीवर नांगी, फाटे फुटलेल्या. कोवळी असतानाच कुणीतरी ओरबाडतंय, असं सगळे म्हणू लागले, आणि संशयावरून माझ्या बाबांशेजारी, एलेउतेरिओशेजारी, बसणं त्यांनी सोडलं. निकासिओ तर गुत्त्यात मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "आज कुणाच्या बाळाचा हात तोडलास रे?"

मी जीवशास्त्र शिकून नुकतीच परतले होते. दोष वरच्या कारखान्याच्या पाण्याचा आहे, हे मी टेबलावर हात आपटून सगळ्यांना सांगितलं. पुरावा आणते म्हणाले. बाबा नको म्हणत होते. मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

दुपारची ओहोटी होती. पूर्वेचा वारा अचानक पडला. कुजलेल्या शेवाळाचा वास चिखलातून वर येऊ लागला आणि बिळाबिळांतून बारीक टकटक... खेकडे बाहेर आले. या दिवसांत नर मोठी नांगी हलवून मादीला बोलावतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण हे सगळे बाबांकडे तोंड करून उभे होते. मी वाकले. फाटे फुटलेल्या प्रत्येक नांगीला पाच बोटं होती. करंगळी तेवढी आत वळलेली. बाबांची वळलीय तशीच.

नांग्या एकदम वर जात, एकदम खाली येत. ये... ये...

"बाबा, तुम्ही?"

"तुझी कॉलेजची फी..." ते चिखलाकडे बघत म्हणाले. "थांबायला वेळ नव्हता गं."

मला त्यांची लाज वाटायला हवी होती. वाटली ती माझीच. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. मी पाठ फिरवून बांधावरून चालू लागले. मागे चिखलात काहीतरी रुतल्याचा आवाज आला. मी वळले नाही.

गुत्त्यात सगळे पुराव्याची वाट पाहत होते.

"कारखान्याचं नाही काही. बाबांनीच..." मी टेबलाकडे बघत म्हणाले.

कुणी हसलं नाही. निकासिओने बाकावर सरकून दोघांपुरती जागा केली.

गुत्त्याची मालकीण रेमेदिओस ग्लास पुसता पुसता खिडकीबाहेर बघत होती.

"एलेउतेरिओला आत बोलाव गं पोरी," ती म्हणाली. "केव्हाचा बांधावर उभा राहून हात हलवतोय. मी हाक मारली, तर सरळ यायचं सोडून आडवाच सरकला."